नोरीनचं मशीन

नोरीन मागच्या दाराने आत आली तेव्हा आकेसा उद्याच्या जेवणासाठी अळूची पानं पुसत होती. उद्या मुलांचा रविवार. मुलं पांढरेशुभ्र कपडे घालून चर्चमध्ये पाठ म्हणणार, एखादं अडखळणार, एखादं भोकाड पसरणार, आणि मग सगळे घरोघरी आडवे होईपर्यंत जेवणार. इथे सिडनीच्या माउंट ड्रुइटमध्येही तेच, आणि तिकडे टोंगात, व्हावाऊ बेटावरच्या आकेसाच्या माहेरीही तेच.

नोरीनने लिंबांची पिशवी ओट्यावर ठेवली. कुंपणापलीकडची ही गोरी म्हातारी शनिवारी काही ना काही घेऊन यायचीच. नवरा गेल्यापासून तर हटकून यायची. आकेसाने पायानेच तिच्याकडे खुर्ची सरकवली.

"आई कशी आहे तुझी? पाय काय म्हणतोय?"

"पायाचं रडगाणं चालूच आहे. पण सध्या ती गावची राणी आहे. बघा तरी." आकेसाने एप्रनला हात पुसले आणि फोनवर सकाळीच आलेला फोटो उघडला.

फोटोत आईच्या घराला टेकून उभारलेली पत्र्याची पडवी होती. पडवीत वरून झाकण उघडायचं भलंमोठं वॉशिंग मशीन, त्याच्या गळ्यात घालावा तसा फुलांचा हार, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभी असलेली आकेसाची आई, लोसालीने. मागे दोरीवर लहान लहान पांढरे झगे आणि सदरे.

"अख्ख्या आळीचे कपडे आज आमच्या पडवीत धुतले जातायत," आकेसा म्हणाली. "बटण मात्र तीच दाबणार. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. सेमिसीनं कंटेनरमधून पाठवलं ना, तेव्हापासून पोराचं कौतुक सांगून सांगून गावाला वात आणलाय तिनं."

नोरीन हसली. चष्मा लावून तिने फोन जवळ घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि तिचं हसू विरलं.

"हे झाकणावर काय आहे?"

"कुठे?"

"हे निळंपिवळं."

झाकणाच्या कोपऱ्यात रग्बीच्या एका संघाचं अर्धवट सोललेलं स्टिकर होतं.

"हे माझ्या रॉननं चिकटवलंय," नोरीन म्हणाली. "मी नखानं काढायला गेले तर चिडला होता माझ्यावर. आकेसा, हे माझं मशीन आहे."

"असेल की. तुम्ही ते रस्त्याच्या कडेला काढून ठेवलं होतंत, सेमिसीनं उचललं. तुम्हाला विचारूनच उचललं."

"भंगारात घालतो म्हणाला तो मला." नोरीनने फोन ओट्यावर ठेवला. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "त्याची वायर कापलेली होती, पोरी. कंपनीच्या माणसानं माझ्यासमोर कापली. हे मॉडेल आगी लावतं म्हणून कंपनीनं परत मागवलंय. मागच्या बाजूला तारांचा जोड आहे, तिथे दमट हवा शिरते, ठिणगी उडते, आणि सगळं प्लास्टिक धडधडा पेटतं. माझ्या बहिणीकडे असलंच होतं. तिची कपडे धुवायची खोली गेली, वरचं छत गेलं. ते तर तेव्हा चालूही नव्हतं. नुसतं प्लगमध्ये होतं."

आकेसाच्या हातातलं पान तिथेच राहिलं. तिला आईचं मागच्या आठवड्यातलं बोलणं आठवलं. थोडं चावतं गं ते मेलं, आई म्हणाली होती. झाकणाला हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या येतात, म्हणून मी आता चपला घालूनच जाते. आणि रबर जळल्यासारखा वास येतो, नवं असलं की येतो का तसा? आकेसा तेव्हा कामावर निघायच्या घाईत होती. ती हसून म्हणाली होती, तुझी सवय व्हायचीये त्याला.

तिने आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. आई फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते आणि दुपारी आतल्या खोलीत चटईवर पडते. तिला ऐकू जाणार नव्हतं. मशीनची वायर मात्र त्याच स्वयंपाकघरातून, खिडकीच्या काचांच्या फटीतून पडवीत गेली होती. ज्या खोलीत आई झोपते तिथे तिने विणायला आणलेल्या केवड्याच्या वाळलेल्या पानांच्या गुंडाळ्या छतापर्यंत रचलेल्या असायच्या. ती खोली आणि पडवी यांच्यामध्ये एक फळकूट होतं, बस.

आकेसाने मावशीला लावला, मग शेजारच्या मोसेसला, मग मोसेसच्या बायकोला. एकही फोन लागेना. आज मुलांची शेवटची तालीम. सगळं गाव चर्चच्या हॉलमध्ये बसलेलं असणार, आणि तिथले पाद्री दारातच टोपली घेऊन उभे राहतात आणि सगळ्यांचे फोन बंद करून तीत टाकायला लावतात.

"पोलिसांना?" नोरीनने विचारलं.

"पोलीस तिकडे शहरात, नेयाफूला. गाडीत पेट्रोल असलं तर येतील."

"मग चर्चमध्ये न गेलेलं कोणी?"

आकेसाने तिच्याकडे बघितलं. गावात तसं एकच माणूस होतं. मेइफेन. चर्चसमोरच्या दुकानाची मालकीण, पंधरा वर्षांपूर्वी चीनमधून आलेली. गाव तिला मेफेनी म्हणायचं. आणि तिच्याशी लोसालीनेने गेली दोन वर्षं अबोला धरला होता. पिठात किडे निघाले म्हणून लोसालीनेने भर दुकानात, सगळ्यांदेखत, पिठाची पिशवी गल्ल्यावर ओतली होती. त्यानंतर ती साखरही पलीकडच्या गावातून आणवायची.

दुकानाचा नंबर दुकानाच्या पाटीवर होता, आणि पाटी एका जुन्या फोटोत सापडली. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"बोला."

"मेफेनी, मी आकेसा. लोसालीनेची मुलगी. सिडनीहून बोलतेय."

"पिठात किडे. ती लोसालीने?"

"तीच."

"माझ्या पिठात किडे नव्हते."

"नव्हते. मेफेनी, माझं ऐक, तुझ्या पाया पडते. आईच्या घरी जे कपड्यांचं मशीन आहे ते खराब आहे. त्याला आग लागू शकते. आई आत झोपलेली असेल. तू जाऊन त्याची वायर काढ."

पलीकडे गल्ल्यातली नाणी खुळखुळली.

"दुकानात दुसरं कोणी नाही," मेइफेन म्हणाली. "आणि तुझी आई मला बघून झाडू उचलते."

"उचलू दे. माझं नाव सांग."

"तुझं नाव सांगितल्यावर झाडू लागत नाही काय?" ती म्हणाली, पण गल्ल्याचा खण बंद झाल्याचा आवाज आला, मग किल्ल्या, मग दुकानाची जाळी खाली ओढल्याचा खडखडाट. "फोन चालू ठेव. मी चालते."

आकेसाने फोन स्पीकरवर टाकला. नोरीनला टोंगन भाषेचा गंध नव्हता, तरी तीही वाकून ऐकायला लागली. मेइफेनच्या सपातांचा फटक फटक आवाज. लांबवर हॉलमधलं मुलांचं गाणं. एक कुत्रं भुंकत जवळ आलं, मेइफेनने त्याला चिनीत काहीतरी सुनावलं. मग डुकरांची घुरघुर. म्हणजे ती आईच्या अंगणात पोचली होती.

"मशीन चालू आहे," मेइफेन म्हणाली. "आवाज येतो."

तो आकेसालाही येत होता. घूं घूं, आणि मधेच टक टक, बंद खोलीत कोणीतरी नखाने भिंत वाजवावी तसं.

"त्याला हात लावू नकोस. स्वयंपाकघरात जा. खिडकीतून एक वायर बाहेर आलीये, ती आतून काढ."

"दार आतून लावलं आहे."

"डुकरं शिरतात म्हणून लावते ती. वरच्या बाजूला कडी आहे, फटीतून बोट घाल."

खटपट. लाकूड घासल्याचा आवाज. आणि मग आकेसाच्या आईचा, झोपेतून उठलेल्या माणसाचा घोगरा आवाज: "कोण आहे? कोण शिरतंय घरात?"

"मी मेफेनी."

"तू? माझ्या घरात? काय विकायला आलीस, किडे?"

"तुझी मुलगी फोनवर आहे. ती म्हणते वायर काढ." प्लग ओढल्याचा आवाज आला, आणि ती घूं घूं हळूहळू खाली उतरत थांबली. आकेसा ओट्याला टेकली. नोरीनने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अगं, बंद का केलंस? त्यात मोसेसच्या पोरीचा झगा आहे. शेवटची फेरी होती ती."

"आई." आकेसा फोनवर ओरडली. "आई, मी सांगितलं बंद करायला. ते मशीन वाईट आहे. पेट घेतं. परत लावू नकोस. कळलं का?"

"आकेसा? तू आहेस होय तिथे? काय पेट घेतं? आज सकाळपासून चाललंय, काही झालं नाही. तुझ्या भावानं इतक्या प्रेमानं पाठवलंय."

"भावाचं राहू दे. तो वास, त्या मुंग्या, ते सगळं त्यामुळेच होतं. लावू नकोस म्हणजे लावू नकोस."

"बरं बाई."

"शपथ घे."

"बरं म्हटलं ना. सिडनीत बसून किती ओरडशील." आणि मग मेइफेनला: "तू अजून इथेच? फोन घे तुझा आणि जा. पाय पुसून आली होतीस की तशीच?"

मेइफेनच्या सपातांचा आवाज पुन्हा सुरू झाला. "तुझी आई बरी आहे," ती म्हणाली. "तोंड तर फारच बरं आहे. मी दुकानात जाते." फोन बंद झाला.

नोरीनने चहाचं पाणी ठेवलं. आकेसाने अळूची पानं पुन्हा जवळ ओढली. आता सगळं ठीक आहे, असं ती नोरीनला इंग्रजीत सांगत होती आणि सांगता सांगताच तिला वाटत होतं की आईचं ते 'बरं बाई' तिने आयुष्यभर ऐकलंय. डॉक्टरने मीठ बंद करायला सांगितलं तेव्हाही आई असंच बरं बाई म्हणाली होती.

तिने सेमिसीला फोन लावला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोदीजवळच्या आवारात कंटेनर भरत होता. मागे लोखंड आपटल्याचे आवाज येत होते.

"आईला पाठवलंस त्या मशीनची वायर कापलेली होती?"

सेमिसीने आवाज खाली आणला. त्यांच्यात बहिणीपुढे भावाने आवाज चढवायचा नसतो. थोरली बहीण असेल तर नजरही वर करायची नसते. तो मोठा झाला, दाढीमिशा आल्या, तरी ते त्याच्या हाडात होतं.

"होती," तो म्हणाला.

"का कापली असेल असं वाटलं तुला?"

"इथे लोक कापतातच. टीव्ही टाकताना कापतात, फ्रिज टाकताना कापतात. दुसऱ्यानं उचलू नये म्हणून. गोऱ्यांची खोड आहे ती, असं वाटलं. मी नवी घातली. चांगली घातली, जाड, तांब्याची."

"आणखी कशाला हात लावलास?"

"कशाला नाही. मागचा पत्रा काढून साफ केलं नुसतं. झुरळं होती. आत तारांच्या जोडावर कोणीतरी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून चिकटपट्टी मारली होती. कचरा वाटला. काढून टाकली."

आकेसाने फोन छातीशी धरून नोरीनला विचारलं, ती पिशवी कसली होती.

नोरीनने हातातला कप खाली ठेवला. "ती त्यांच्याच माणसानं बांधली होती. पहिल्यांदा आले तेव्हा एवढंच केलं. जोडात पाणी जाऊ नये म्हणून पिशवी. झालं दुरुस्त, म्हणाले. पण पिशव्या बांधलेली मशीनंही पेटायला लागली, मग परत आले आणि वायर कापली."

म्हणजे पिशवी असूनही जे पेटत होतं ते आता पिशवीशिवाय, समुद्रावरच्या दमट हवेत, पत्र्याच्या पडवीत उभं होतं. आकेसाने सेमिसीला काही न सांगता फोन ठेवला आणि आईला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावायला बोट उचललं तेवढ्यात फोनच वाजला. दुकानाचा नंबर.

"आकेसा," मेइफेन म्हणाली. "तुझ्या घरातून धूर येतो."

"तू वायर काढली होतीस."

"मी काढली होती. आता परत लावली कोणीतरी. काळा धूर आहे."

आकेसाला वाटलं आपण किंचाळू. पण तोंडातून शब्द आले ते सावकाश, ती रोज कामावर वृद्धाश्रमातल्या घाबरलेल्या म्हाताऱ्यांशी बोलायची तसे. "मेफेनी, पाणी टाकू नकोस. आत जाऊन वायरलाही हात लावू नकोस. घराच्या समोरच्या भिंतीवर मीटरची पेटी आहे. त्यात मोठा खटका आहे. तो आधी खाली पाड. मग आईला बाहेर काढ."

"खटका. मग आई," मेइफेन म्हणाली. ती पळत होती, श्वास तुटत होता. मग एकदम कानठळ्या बसवणारा ठण ठण ठण आवाज आला. चर्चच्या आंब्याला गॅसचं रिकामं नळकांडं टांगलेलं आहे, घंटा म्हणून वाजवतात; ती जाता जाता त्याच्यावर काहीतरी आपटत होती. हॉलमधलं गाणं थांबलं. कोणीतरी ओरडलं.

त्यानंतर आकेसाला तुकडे तुकडे ऐकू आले. डुकरांचं किंचाळणं. पेटीचं पत्र्याचं दार. मेइफेन लोसालीनेच्या नावाने हाका मारत होती. एक लांब खर्रर्र असा आवाज, मग काहीतरी फुटलं. "सोड, सोड ते," मेइफेन म्हणाली, अगदी फोनजवळ, आणि मग फोन पडला असावा, कारण सगळं एकदम लांब गेलं. नुसती चटचट ऐकू येत होती. वाळलेलं लाकूड पेटतं तशी. की केवड्याची पानं, आकेसाच्या मनात आलं, आणि तिने डोळे मिटून घेतले.

पुरुषांचे आवाज आले. वाळू, वाळू आणा. बायका रडत होत्या, पण कोणासाठी ते समजत नव्हतं. आकेसा फोनमध्ये आई, आई म्हणत राहिली, आणि तो गवतात पडलेला फोन कोणी उचलेना. शेवटी कोणाचा तरी पाय पडला की काय, संपर्कच तुटला.

नोरीनने उठून शेगडीवरचं नारळाचं दूध उतरवलं, ते उतू जायला आलं होतं. मग ती आकेसाच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"रॉनच्या स्टिकरसाठी मी ते मशीन पुसून ठेवलं होतं," नोरीन म्हणाली. "रस्त्यावर ठेवतानासुद्धा. चांगलं दिसत होतं. त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला हवं होतं मी, हे जाळेल म्हणून. तुझा भाऊ आला तेव्हा मला वाटलं, कापलेली वायर बघून कळेल त्याला."

"तुम्ही आज आलात म्हणून मला कळलं तरी," आकेसा म्हणाली. पण तिने नोरीनकडे बघितलं नाही. त्या घटकेला तिला या बाईचा रागही येत होता, सेमिसीचा येत होता, त्या कंपनीच्या पिशवीवाल्याचा येत होता, आणि हसून फोन ठेवणाऱ्या स्वतःचा सगळ्यात जास्त.

फोन वाजला तेव्हा तो मोसेसच्या नंबरवरून होता. बोलत होती मेइफेन.

"आई जिवंत आहे," तिने आधी तेवढंच सांगितलं, आणि आकेसाचा आवाज येईपर्यंत थांबली. मग सांगितलं. खटका पाडून ती पडवीत गेली तर लोसालीने तिथेच उभी. मशीन मागून पेटलेलं, आणि ही नारळ सोलायची लोखंडी पहार घेऊन झाकण उचकटत होती. झाकणाला कुलूप बसलेलं होतं, आत मुलांचे कपडे. मेइफेनने तिच्या हातातली पहार काढली, तिला मागून धरलं आणि ओढलं. झाकणाची काच फुटली ती त्याच वेळी. लोसालीनेचे दोन्ही तळवे भाजलेत, भुवया गेल्यात. मेइफेनच्या दंडावर वितळलेलं प्लास्टिक पडलं. पडवी गेली. स्वयंपाकघराची भिंत काळी झाली, पण लोकांनी तालमीतून धावत येऊन वाळू टाकली आणि केवड्याच्या गुंडाळ्या आधी बाहेर फेकल्या, म्हणून घर राहिलं. मोसेस आता दोघींना गाडीतून नेयाफूच्या दवाखान्यात नेत होता.

"तुला खूप लागलंय का?" आकेसाने विचारलं.

"लागलं आहे," मेइफेन म्हणाली. "आई बोलते."

थोडा वेळ गाडीचा आवाज, मग लोसालीनेचा. नेहमीचा नव्हताच तो. लहान मुलीसारखा झाला होता.

"मी लावलं गं परत. पोरीचा झगा आत अडकला होता. मोसेसच्या बायकोनं महिनाभर बसून शिवलाय. झाकण उघडेना. मला वाटलं, एकदा फिरलं की उघडेल, मग काढून टाकीन वायर. एकदाच लावलं."

"असू दे."

"तू सांगितलं होतंस."

"असू दे आई. हात खूप दुखतायत?"

"दुखतायत." लोसालीने थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "या बाईनं मला मांजरीच्या पिल्लासारखं मानगूट धरून बाहेर आणलं. सगळ्यांसमोर. माझ्या लुंगीची गाठ सुटली होती."

"मग?"

"मग काय. माझ्याआधी तिचा दंड बघा म्हणून मोसेसला सांगितलंय, दवाखान्यात गेल्यावर. किती वेळ ओरडली पण नाही बघ ती." आणि जरा वेळाने, मुद्दाम मोठ्याने, शेजारी बसलेलीला ऐकू जाईल असं: "पीठ मात्र किड्यांचंच होतं."

"नव्हतं," मेइफेनचा आवाज आला.

आकेसा रडायला लागली. नोरीनला काही कळलं नव्हतं, तिला वाटलं वाईटच बातमी आहे, आणि तीही रडायला लागली. मग आकेसाने तिला सगळं समजावून सांगितलं.

सेमिसी संध्याकाळी आला. मोसेसने त्याला कळवलं होतं. तो घरात शिरला नाही. मागच्या पायरीवर, दाराकडे पाठ करून बसला. एवढा धिप्पाड माणूस, पण खांदे पडलेले होते. आकेसाने जाळीच्या दाराआडून बघितलं. तिने दुपारभर मनात त्याच्यासाठी शब्द जुळवून ठेवले होते, एकेक शब्द विस्तवासारखा. ते आता तोंडात येईनात.

"पहिलं मी आईसाठी उचललं," तो अंगणाकडे बघत म्हणाला. "तिचा पाय असा. बादल्या भरून न्यायची. मला वाटलं..."

"पहिलं?" आकेसा म्हणाली.

सेमिसीने मान खाली घातली.

"आणखी किती पाठवलीस?"

"एक. याच मॉडेलचं. पलीकडच्या रस्त्यावर मिळालं होतं. हापाई बेटावर, आपल्या चुलतभावाला, तेविताला. बायको बाळंत झाली ना त्याची, लंगोट धुवायला."

"वायर?"

त्याने दोन बोटांची कात्री करून दाखवली.

"फोन काढ," आकेसा म्हणाली.

"मी उद्या सकाळी..."

"उद्या रविवार. उद्या कोणी फोन उचलत नाही. आत्ता काढ. आणि स्पीकरवर टाक."

सेमिसीने खिशातून फोन काढला. त्याची जाड बोटं दोनदा चुकली. आकेसा दार उघडून बाहेर आली आणि त्याच्या मागच्याच पायरीवर बसली. एरवी बहीणभाऊ इतके जवळ बसत नसत. रिंग वाजत होती. कुंपणापलीकडे नोरीनच्या स्वयंपाकघरात दिवा लागला.

"अरे, सेमिसी," पलीकडून तेविता म्हणाला. मागे तान्हं मूल रडत होतं, आणि त्याच्याही मागे काहीतरी घूं घूं करत होतं. "तुझंच नाव काढत होतो आम्ही. मशीन काय झकास चालतंय रे. बायको तर म्हणते, माझ्या भावांनी नाही केलं ते सेमिसीनं केलं."

सेमिसीने मागे वळून आकेसाकडे बघितलं. तिने फोनकडे बोट केलं.

"तेविता," तो म्हणाला, "पोराला आणि बायकोला घेऊन आधी अंगणात जा. मग भिंतीवरच्या पेटीतला मोठा खटका खाली पाड."

"का रे? काय झालं?"

"जा आधी. मी फोन ठेवत नाही."

"अरे पण झालं काय? त्यात लंगोट आहेत."

"त्या मशीनची वायर कापलेली होती," सेमिसी म्हणाला. "ते आग लावतं म्हणून कापली होती. मी न विचारता नवी जोडली. लंगोट राहू देत आत. झाकण उघडायला जाऊ नकोस. जा, तेविता."

पलीकडे फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. तेविताने बायकोला हाक मारली. मूल रडत रडत लांब गेलं. ते घूं घूं अजून चालूच होतं, आणि पायरीवर दोघं माना पुढे करून ते थांबायची वाट बघत राहिली. मग ते थांबलं.